चौकशी-आयोगाचा अहवाल आणि व्यक्तीची प्रतिष्ठा

मोठी दुर्घटना घडली, दंगल उसळली किंवा सार्वजनिक पैशाच्या विनियोगाविषयी संशय उत्पन्न झाला, म्हणजे चौकशी-आयोग नेमण्याची मागणी सर्व बाजूंनी होऊ लागते. अशा आयोगाकडून लोकांची अपेक्षा दुहेरी असते. खरे काय घडले ते कळावे ही एक, आणि ज्याच्या हातून दोष घडला त्याचे नाव उघड व्हावे ही दुसरी. पहिली अपेक्षा पुरी करणे हे आयोगाचे विहित कार्य होय. दुसरी पहिलीच्या पाठोपाठ आपोआप येते. कारण घटना माणसांच्या हातूनच घडत असल्यामुळे तिचा वृत्तान्त लिहिताना माणसांच्या वर्तनाविषयी मत द्यावेच लागते. आयोगाला कोणालाही शिक्षा देण्याचा अधिकार नसतो. तथापि त्याच्या अहवालातील एखादे वाक्य एखाद्या अधिकाऱ्याचा, मंत्र्याचा वा व्यावसायिकाचा जन्मभर मिळविलेला लौकिक एका दिवसात नष्ट करू शकते. जी संस्था कायद्याच्या दृष्टीने काहीच निर्णीत करीत नाही, तिने व्यक्तीविषयी प्रतिकूल मत नोंदविण्यापूर्वी कोणती पथ्ये पाळली पाहिजेत, हा ह्यातून उद्भवणारा प्रश्न आहे. त्याचे स्वरूप आणि त्याला निरनिराळ्या देशांत मिळालेली उत्तरे ह्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. आयोग म्हणजे न्यायालय नव्हे

भारतात ह्या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे १९५२ चा चौकशी आयोग अधिनियम होय. सार्वजनिक महत्त्वाच्या निश्चित बाबीची चौकशी करण्यासाठी केंद्र अथवा राज्य सरकारला त्याच्या ३ ऱ्या कलमान्वये आयोग नेमता येतो; संसदेच्या प्रत्येक सभागृहाने अथवा राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केल्यास तो नेमणे सरकारवर बंधनकारक असते. साक्षीदारांना बोलावणे, त्यांना शपथ देऊन तपासणे, कागदपत्रे मागविणे इत्यादी बाबतींत ४ थ्या कलमाने आयोगाला दिवाणी न्यायालयाचे अधिकार दिले आहेत. आपली कार्यपद्धती ठरविण्याचे स्वातंत्र्यही त्याला आहे. मात्र त्याचे अंतिम कार्य अहवाल सादर करणे एवढेच आहे. तो अहवाल स्वीकारणे, नाकारणे अथवा अंशतः स्वीकारणे हे सरकारच्या हाती राहते.

ह्या रचनेचा अर्थ न्यायालयांनी प्रारंभीच स्पष्ट केला. नागपूर उच्च न्यायालयाने १९५४ मध्ये असे ठरविले की, असा आयोग म्हणजे न्यायालय नव्हे. त्याच्यापुढे वादी-प्रतिवादी नसतात, आरोपी नसतो, आणि सरकारला वस्तुस्थितीचे ज्ञान करून देणे हाच त्याचा हेतू असतो. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रामकृष्ण दालमिया विरुद्ध न्यायमूर्ती तेंडोलकर ह्या प्रकरणात हाच विचार अधिक विस्ताराने मांडला. दालमिया उद्योगसमूहातील कंपन्यांच्या कारभाराची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने ११ डिसेंबर १९५६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला होता. हा आयोग म्हणजे न्यायालयाच्या क्षेत्रावरील आक्रमण आहे, असा आक्षेप घेण्यात आला. आयोगाच्या शिफारशी स्वतःच्या बळावर अमलात येत नाहीत, त्यामुळे तो न्यायनिवाडा करीत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने हा आक्षेप फेटाळला. परंतु त्याच वेळी आयोगाच्या कार्यकक्षेतील एक भाग त्याने रद्द ठरविला. झालेल्या गैरकृत्यांबद्दल दाद अथवा शिक्षा म्हणून कोणती कारवाई करावी ह्याची शिफारस करण्याचे काम आयोगाकडे सोपविले होते. ते त्याला करता येणार नाही, पुढील काळात असे प्रकार होऊ नयेत म्हणून कोणते उपाय योजावेत एवढेच त्याने सांगावे, असे न्यायालयाने बजावले. गतकालीन दोषाबद्दल शिक्षा आणि भावी काळासाठी प्रतिबंध ह्यांतील ही सीमारेषा महत्त्वाची आहे. पहिले कार्य न्यायालयांचे, दुसरे आयोगाचे.

हा भेद तर्कदृष्ट्या निर्दोष असला तरी लोकव्यवहारात तो टिकत नाही. आयोगाचा अध्यक्ष बहुधा उच्च न्यायालयाचा विद्यमान वा निवृत्त न्यायाधीश असतो. साक्षी शपथेवर होतात, वकील युक्तिवाद करतात, वृत्तपत्रांत रोजचा वृत्तान्त येतो. १९५८ च्या आरंभी आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा ह्यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीची चौकशी मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छगला ह्यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत जाहीरपणे केली. अहवालानंतर थोड्याच दिवसांत अर्थमंत्री कृष्णम्माचारी ह्यांनी राजीनामा दिला. संबंधित अधिकाऱ्यांच्या वर्तनाचा विचार करण्यासाठी पुढे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस ह्यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी-मंडळ नेमावे लागले. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने छगला आयोगाचा अहवाल ही केवळ माहिती होती. जनमानसात मात्र तो निकाल ठरला होता. सामान्य वाचक 'निष्कर्ष' आणि 'निर्णय' ह्यांत भेद करीत नाही, आणि त्याने तो करावा अशी अपेक्षा करणेही व्यवहार्य नाही.

२. स्वातंत्र्याचे रक्षण, नावाचे नव्हे

मूळ अधिनियमात साक्षीदाराला संरक्षण नव्हते असे नाही. ६ व्या कलमान्वये आयोगापुढे दिलेली साक्ष त्या व्यक्तीविरुद्ध दिवाणी अथवा फौजदारी कामात वापरता येत नाही. खोटी साक्ष दिल्याबद्दलचा खटला एवढाच ह्याला अपवाद आहे. पण हे संरक्षण कोणत्या गोष्टीचे आहे हे पाहिले पाहिजे. ते माणसाच्या शरीराचे व मालमत्तेचे आहे. त्याच्या नावाचे नाही. आयोगापुढील साक्षीमुळे तो तुरुंगात जाणार नाही, पण त्याच साक्षीच्या आधारे अहवालात त्याच्यावर ताशेरे येऊ शकतात. मानहानीचा दावा लावून त्याला ह्यावर इलाज करता येत नाही. न्यायालयातील आरोपीला निदान अपिलाचा मार्ग मोकळा असतो. आयोगाच्या अहवालाविरुद्ध अपील नाही, कारण अपील निर्णयाविरुद्ध होते आणि अहवाल हा निर्णय नसतो. ज्या कारणाने आयोगाला न्यायालयाची बंधने लागू होत नाहीत, त्याच कारणाने पीडित व्यक्तीला न्यायालयातील उपायही मिळत नाहीत. ह्या पेचाचे मर्म एवढेच आहे.

१९६६ मध्ये बक्षी गुलाम महंमद ह्यांच्या प्रकरणात ही उणीव ठळकपणे पुढे आली. जम्मू-काश्मीरच्या ह्या माजी पंतप्रधानांच्या कारभाराची चौकशी त्या राज्याच्या स्वतंत्र अधिनियमाखाली चालू होती. ज्यांनी आपल्याविरुद्ध शपथपत्रे दाखल केली त्या सर्वांची उलटतपासणी करू द्यावी, अशी त्यांची मागणी होती. म्हणणे मांडण्याच्या संधीत असा सरसकट हक्क अंतर्भूत होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांची व्याप्ती प्रत्येक कायद्याच्या शब्दांवरून आणि परिस्थितीवरून ठरते, ही भूमिका कायद्याला धरून होती. परंतु त्यामुळे संरक्षण हवे असेल तर ते कायद्यातच शब्दबद्ध केले पाहिजे, हेही सिद्ध झाले.

३. सॅमन आयोगाची सहा तत्त्वे

ह्याच वर्षी ब्रिटनमध्ये ह्या प्रश्नाचा मूलगामी विचार झाला. तेथे १९१२-१३ च्या मार्कोनी प्रकरणात कॉमन्स सभेच्या समितीचे मत पक्षनिहाय विभागले गेले, आणि राजकीय समितीकडून निःपक्षपाती सत्यशोधन होणे कठीण, असा अनुभव आला. १९२१ च्या कायद्याने न्यायाधिकरणाच्या स्वरूपाची चौकशी-पद्धती अस्तित्वात आली. १९६३ मध्ये प्रोफ्यूमो प्रकरणाची चौकशी मात्र लॉर्ड डेनिंग ह्यांनी एकट्याने आणि बंद दाराआड केली. गुप्त पोलीस, तपास करणारा, वकील आणि न्यायाधीश ह्या सर्व भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या, ही अडचण त्यांनी स्वतःच मान्य केली होती. पुढे न्यायमूर्ती सॅमन ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या राजकीय आयोगाने १९६६ मध्ये अहवाल दिला व त्यात सहा तत्त्वे सांगितली.

त्यांचा आशय असा: कोणाही व्यक्तीला चौकशीत ओढण्यापूर्वी तिच्याशी संबंधित अशी चौकशीयोग्य परिस्थिती खरोखर आहे, ह्याची आयोगाने खात्री करून घ्यावी. साक्षीला बोलावण्यापूर्वी तिच्यावरील आरोप आणि त्यांना आधारभूत असलेल्या पुराव्याचा सारांश तिला कळवावा. तयारीसाठी पुरेसा अवधी आणि कायदेशीर साहाय्य मिळावे, व त्याचा खर्च सामान्यतः सार्वजनिक निधीतून व्हावा. आपल्याच वकिलाकडून तपासले जाण्याची आणि आपली बाजू जाहीरपणे मांडण्याची संधी तिला असावी. तिने सुचविलेले महत्त्वाचे साक्षीदार शक्य तोवर ऐकले जावेत. आणि तिच्याविरुद्धच्या पुराव्याची उलटतपासणीने कसोटी घेण्याची मुभा तिला असावी.

ह्या तत्त्वांत नवीन असे फारसे काही नाही. न्यायालयात आरोपीला जे मिळते तेच येथे निराळ्या शब्दांत मागितले आहे. ज्या ठिकाणी आरोपच नाही त्या ठिकाणीही आरोपीइतकेच संरक्षण द्यावे, कारण हानी तितकीच असते, ही त्यांमागील कल्पना महत्त्वाची आहे.

४. भारतीय अधिनियमातील ८-ब आणि ८-क ही कलमे

भारतात विधि-आयोगाने १९६२ मध्ये आपल्या चोविसाव्या अहवालात ह्या अधिनियमाचा परामर्श घेतला होता. १९७१ च्या दुरुस्तीने अधिनियमात ८-ब आणि ८-क ही कलमे घालण्यात आली. ८-ब कलमात दोन प्रसंग सांगितले आहेत. एखाद्या व्यक्तीच्या वर्तनाची चौकशी करणे आयोगास आवश्यक वाटले, अथवा चौकशीमुळे तिच्या प्रतिष्ठेला बाध येण्याचा संभव दिसला, तर चौकशीच्या कोणत्याही टप्प्यावर त्या व्यक्तीला आपले म्हणणे मांडण्याची व बचावाचा पुरावा देण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. ८-क कलमाने अशा व्यक्तीला इतरांच्या साक्षीदारांची उलटतपासणी करण्याचा, आयोगापुढे युक्तिवाद करण्याचा व वकिलामार्फत उपस्थित राहण्याचा हक्क दिला. १९६६ च्या निर्णयाने जे नाकारले होते त्यातील बराचसा भाग अशा रीतीने कायद्यात आला. भारतीय संसदेने येथे 'प्रतिष्ठा' हा शब्द कायद्यात स्पष्टपणे घातला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

न्यायालयांनी ह्या कलमांना पुढे जो अर्थ दिला तो दोन निर्णयांवरून समजतो. १९८८ मध्ये दिल्लीत पोलीस आणि वकील ह्यांच्यात झालेल्या संघर्षाच्या चौकशीत पोलीस अधिकारी किरण बेदी ह्यांना इतर साक्षीदारांच्या आधीच साक्षीसाठी उभे राहण्यास सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला व त्याबद्दल त्यांच्याविरुद्ध फौजदारी तक्रार झाली. ज्याचे वर्तनच चौकशीचा विषय आहे त्याची साक्ष इतर पुरावा पुढे आल्यावर व्हावी, कारण आपल्याविरुद्ध काय आहे हे कळल्याखेरीज बचाव करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. संधी कोणत्या क्रमाने दिली जाते ह्यावर ती खरी की नाममात्र हे अवलंबून असते, हा ह्या निर्णयाचा बोध आहे.

दुसरा निर्णय २००३ मधील, बिहार राज्य विरुद्ध लालकृष्ण अडवानी हा होय. १९८९ च्या भागलपूर दंगलीची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या अहवालात अडवानी ह्यांच्याविषयी प्रतिकूल मत नोंदविले गेले होते; मात्र ८-ब कलमाखाली त्यांना सूचना दिलेली नव्हती. ते मत टिकू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. प्रतिष्ठा हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, ही भूमिका न्यायालयांनी अनेकदा घेतली असून २०१६ मध्ये मानहानीच्या फौजदारी कायद्याचा विचार करतानाही सर्वोच्च न्यायालयाने तिचा पुनरुच्चार केला. ज्या समाजाच्या परंपरेत अपकीर्ती ही मरणाहून दुःसह मानली गेली आहे, त्या समाजाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

५. एरेबस: सत्य आणि पद्धती ह्यांचा संघर्ष

कार्यपद्धतीचा प्रश्न तांत्रिक नाही हे समजण्यासाठी न्यूझीलंडमधील एका प्रकरणाचा तपशील पाहणे उपयुक्त ठरेल. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी एअर न्यूझीलंडचे प्रेक्षणीय सफरीवरील विमान अंटार्क्टिकातील माउंट एरेबस ह्या पर्वतावर आदळले. विमानातील २५७ व्यक्तींपैकी कोणीही वाचले नाही. विमान-अपघातांच्या मुख्य निरीक्षकाने १९८० मध्ये दिलेल्या अहवालात दोषाचा मुख्य भार वैमानिकांवर टाकला: आपल्या स्थानाविषयी निश्चिती नसताना त्यांनी कमी उंचीवरून उड्डाण चालू ठेवले, असा त्याचा आशय होता. कॅप्टन कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी उत्तर देण्यासाठी जिवंत नव्हते.

त्यानंतर नेमलेल्या राजकीय आयोगाचे एकमेव सदस्य न्यायमूर्ती पीटर महॉन ह्यांनी एप्रिल १९८१ मध्ये निराळा निष्कर्ष काढला. विमानाच्या संगणकात नोंदलेला मार्ग उड्डाणाच्या काही तास आधी बदलण्यात आला होता आणि ही गोष्ट वैमानिकांना सांगितलेली नव्हती. आपण समुद्राच्या खाडीवरून जात आहोत अशा समजुतीने ते पर्वताच्या दिशेने गेले, आणि ढग व बर्फ ह्यांच्या एकसारख्या शुभ्रतेमुळे समोरचा उतार त्यांना दिसला नाही. अपघाताचे प्रमुख कारण हा बदल होय, असे सांगून महॉन ह्यांनी मृत वैमानिकांना दोषमुक्त केले. परंतु ते येथेच थांबले नाहीत. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी संगनमताने, पूर्वनियोजित रीतीने आयोगापुढे असत्य सांगितले, असे अत्यंत कठोर शब्दांत त्यांनी लिहिले आणि कंपनीने चौकशीच्या खर्चापोटी दीड लक्ष डॉलर द्यावेत असा आदेशही दिला.

कंपनी न्यायालयात गेली. न्यूझीलंडच्या अपील न्यायालयाने डिसेंबर १९८१ मध्ये खर्चाचा आदेश रद्द केला. महॉन ह्यांनी न्यायासनाचा राजीनामा दिला. १९८३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अपील न्यायालयाचा निर्णय कायम ठेवला. लॉर्ड डिप्लॉक ह्यांनी ह्या निर्णयात दोन नियम सांगितले. आयोगाचा प्रतिकूल निष्कर्ष कोणत्या तरी प्रमाणभूत पुराव्यावर आधारलेला असला पाहिजे, हा पहिला. ज्याच्याविरुद्ध असा निष्कर्ष निघण्याचा संभव आहे त्याला त्या संभवाची कल्पना दिली पाहिजे, म्हणजे निष्कर्ष टाळू शकेल असा अधिक पुरावा देण्याची संधी त्याला मिळेल, हा दुसरा. कंपनीच्या अधिकाऱ्यांची साक्ष झाली होती, उलटतपासणीही झाली होती. परंतु आपल्यावर कटाचा ठपका येऊ शकतो हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते.

ह्या निर्णयात महॉन ह्यांच्या तपासकौशल्याचा गौरवच केलेला आहे, आणि अपघाताच्या कारणाविषयी त्यांनी काढलेल्या निष्कर्षाला त्याने धक्का लागला नाही. पुढे १९९९ मध्ये त्यांचा अहवाल न्यूझीलंडच्या संसदेच्या पटलावर ठेवण्यात आला. २०१९ मध्ये, अपघाताच्या चाळिसाव्या स्मृतिदिनी, तेथील पंतप्रधानांनी मृतांच्या कुटुंबीयांची क्षमा मागितली. म्हणजे मूळ सत्य बहुतांशी मान्य झाले. पण अहवालातील एका परिच्छेदाने ज्या पद्धतीचा भंग केला त्यामुळे कितीतरी वर्षे चर्चा अपघाताविषयी न होता त्या परिच्छेदाविषयी होत राहिली. ह्यात अधिकाऱ्यांची हानी झालीच. आपल्या माणसांचा दोष नव्हता हे जगाने निःसंदिग्धपणे मान्य करावे म्हणून वाट पाहणाऱ्या वैमानिकांच्या कुटुंबीयांचीही झाली.

भारतीय अधिनियमाच्या दृष्टीने ह्या प्रकरणातून एक सूक्ष्म मुद्दा निघतो. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर केवळ आक्षेप घेतला जात असेल तर ८-ब कलम लागू होत नाही, असे त्या कलमाच्या परंतुकात म्हटले आहे. हे योग्यच आहे. अन्यथा प्रत्येक साक्षीदाराला सूचना द्यावी लागेल. परंतु साक्षीदाराचे म्हणणे खरे न मानणे ही एक गोष्ट, आणि त्याने इतरांशी संगनमत करून खोटी साक्ष रचली असे म्हणणे ही दुसरी. पहिलीत पुराव्याचे मूल्यमापन आहे, दुसरीत वर्तनाचा निवाडा आहे. परंतुकाचा आश्रय पहिलीपुरताच घेता येईल.

६. मृतांची प्रतिष्ठा

सूचना द्यावी, म्हणणे ऐकावे, उलटतपासणी करू द्यावी, हे सर्व नियम जिवंत माणसाला उपयोगी पडतात. मृत व्यक्तीला सूचना देता येत नाही. तिच्या बाबतीत पुराव्यासंबंधीचा नियम हाच एक आधार उरतो. ब्रिटनमध्ये २ जून १९९४ रोजी स्कॉटलंडमधील मल ऑफ किंटायर येथे हवाई दलाचे चिनूक हेलिकॉप्टर कोसळून २९ जण मृत्युमुखी पडले. मृत वैमानिकाला निष्काळजी ठरवावयाचे तर त्याविषयी लेशमात्र संशय असता कामा नये, असा त्या वेळचा हवाई दलाचा नियम होता. असे असूनही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही वैमानिकांना घोर निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरविले. कुटुंबीयांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर लॉर्ड फिलिप ह्यांच्या पुनर्विलोकनानंतर २०११ मध्ये हा निष्कर्ष रद्द झाला. नियम उत्तम होता; उणीव होती ती तो काटेकोरपणे पाळण्याची. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याविषयी लिहिताना पुराव्याचे माप अधिक कडक हवे, हे तत्त्व प्रत्येक चौकशीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

७. अतिरेकाचे दोष

ह्या विवेचनावरून संरक्षण जितके अधिक तितके चांगले, असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. बाबरी मशीद प्रकरणी डिसेंबर १९९२ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती लिबरहान आयोगाने तीन महिन्यांत अहवाल द्यावा अशी अपेक्षा होती; अठ्ठेचाळीस मुदतवाढींनंतर तो जून २००९ मध्ये सादर झाला. ह्या विलंबाची कारणे अनेक होती. परंतु इतक्या कालावधीनंतर आलेल्या अहवालाचा उपयोग किती, हा प्रश्न उरतोच. इराकला झालेल्या शस्त्रनिर्यातीची चौकशी करणारे ब्रिटिश न्यायमूर्ती स्कॉट ह्यांनी सॅमन तत्त्वे जशीच्या तशी लागू करण्यास नकार दिला. त्यांच्या मते ह्या तत्त्वांमुळे चौकशीला खटल्याचे रूप येते आणि सत्यशोधन मागे पडते. लॉर्ड हाउ ह्यांनी ह्या भूमिकेवर कडाडून टीका केली.

ब्रिटनमध्ये ह्यातून अहवालाचा प्रतिकूल भाग संबंधितांना आधी दाखवून त्यांचे उत्तर मागविण्याची प्रथा रूढ झाली. प्रकाशन-व्यवसायातील रॉबर्ट मॅक्सवेल ह्यांच्या नावावरून तिला 'मॅक्सवेलायझेशन' म्हणतात. गंमत अशी की, मॅक्सवेल ह्यांचा दावा प्रत्यक्षात अयशस्वी झाला होता. त्यांच्या कंपनीच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या निरीक्षकांनी १९७१ मध्ये, सार्वजनिक कंपनीचा विश्वस्त म्हणून ह्या गृहस्थावर विसंबता येणार नाही, अशा आशयाचे मत दिले. साक्षीच्या वेळी सर्व मुद्दे मॅक्सवेल ह्यांच्यापुढे ठेवण्यात आले होते, तेवढे पुरेसे होते, असे अपील न्यायालयाने १९७४ मध्ये ठरविले. तरीही सावधगिरी म्हणून ही प्रथा वाढत गेली, आणि २००९ मध्ये सुरू झालेल्या इराक युद्धाच्या चौकशीचा अहवाल २०१६ पर्यंत लांबण्यामागे ती एक कारण असल्याची टीका झाली. मृत सैनिकांच्या कुटुंबीयांना तितकी वर्षे थांबावे लागले.

मॅक्सवेल आणि एरेबस ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. मॅक्सवेल ह्यांना मुद्दे आधी सांगितले गेले, म्हणून निरीक्षकांचे मत न्यायालयात टिकले. १९९१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन-निधीची झालेली लूट उघडकीस आली, तेव्हा त्या मताची यथार्थता सर्वांनाच पटली. एरेबस प्रकरणात मुद्दा आधी सांगितला गेला नाही, म्हणून तो खरा की खोटा ह्याचा निकाल लागण्यापूर्वीच ठपका निराधार ठरला. न्याय्य पद्धतीने ज्याच्यावर ठपका येतो त्याचे रक्षण होते, तसेच ठपक्याचेही होते.

८. उपसंहार

प्रश्नाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये राज्य सरकारला सादर झाला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये विधिमंडळापुढे आला, तेव्हा सरकारने त्यातील महत्त्वाचे निष्कर्ष अमान्य केले. अशा वेळी ज्यांची नावे अहवालात आली त्यांच्यावर डाग राहतो, पण तो खरा की खोटा हे कोणतेही न्यायालय तपासत नाही. आणि ज्यांनी हानी सोसली त्यांच्या पदरात निष्कर्षापलीकडे काही पडत नाही. अहवाल मिळाल्यापासून सहा महिन्यांत तो कृति-निवेदनासह विधिमंडळापुढे ठेवावा, अशी तरतूदही १९७१ च्याच दुरुस्तीने केली आहे. ती वेळेवर पाळणे हे दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे.

ह्या सर्व अनुभवाचा निष्कर्ष थोडक्यात असा सांगता येईल. सूचना देताना ती मोघम नसावी. कोणत्या कृत्याविषयी, कोणत्या पुराव्यावरून, कोणता निष्कर्ष संभवतो हे तीत सांगितलेले असावे. ज्याच्याविरुद्ध मत द्यावयाचे त्याचे उत्तर अहवालात नमूद करून मगच त्याचा स्वीकार वा अस्वीकार केला जावा, म्हणजे वाचकाला दोन्ही बाजू एकत्र दिसतील. घटनेचे कारण सांगण्यासाठी जितके आवश्यक तितकेच व्यक्तीच्या वर्तनाविषयी लिहावे; विशेषणांनी सत्य अधिक सिद्ध होत नाही. सूचनेला उत्तर देण्यास निश्चित आणि बेताची मुदत असावी, म्हणजे संरक्षणाचे रूपांतर विलंबाच्या साधनात होणार नाही. आणि सॅमन आयोगाच्या एका तत्त्वाचा भारतीय कायद्याने अद्याप स्वीकार केलेला नाही, त्याचाही विचार व्हावयास हवा. ८-क कलमाने वकील देण्याचा हक्क दिला आहे, पण त्याचा खर्च कोणी करावा हे सांगितलेले नाही. मंत्री अथवा उद्योगपती हा खर्च सोसू शकतो. एखादा कनिष्ठ अभियंता, पोलीस उपनिरीक्षक वा रुग्णालयातील परिचारिका तो सोसू शकत नाही. मोठ्या दुर्घटनेनंतर अशाच माणसांची नावे प्रथम पुढे येतात. त्यांच्या बाबतीत हा हक्क कागदावर राहू नये, अशी तरतूद झाल्यास १९७१ मध्ये हाती घेतलेले कार्य पूर्णतेस जाईल.